चार बोटांची फट

विरळणीचा सोळावा का सतरावा दिवस होता. डिसेंबर. तारेजवळचा एक घड डाव्या हातानं सावरला, उजव्या हातातली कात्री मण्यांच्या गर्दीत घातली आणि खांद्यापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की कात्री सुटून पायाशी पडली. वाकून उचलली. पुन्हा हात वर करायला गेले तर तो छातीच्या वर जाईना. डाव्या हातानं उजवं मनगट धरून वर न्यायचा प्रयत्न केला, तर डोळ्यांपुढं अंधारी आली. मी तिथंच वेलाच्या बुंध्याशी टेकून बसले.

आमची बाग तासगाव तालुक्यात, मणेराजुरीच्या बाजूला. अडीच एकर, सगळा मंडप. द्राक्षबागेत ज्यांनी काम केलेलं नाही त्यांना हे काम थोडं सांगायला हवं, कारण माझं दुखणं त्यातूनच आलं. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावायची, मग फेलफुटी, म्हणजे नको असलेले फुटवे, काढायच्या, मग डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, आणि मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की विरळणी. घडात मणी दाटीवाटीनं असतात, त्यातले जादाचे कात्रीच्या टोकानं एक एक काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. मंडपाच्या तारा साडेपाच-सहा फुटांवर आणि माझी उंची पाच फूट. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत मान मागं टाकलेली आणि दोन्ही हात कपाळाच्या वर. त्यातही हात फारसा हलत नाही, हलतात ती फक्त बोटं. खरी खोच तिथंच आहे. चालताना पायाचा स्नायू आवळतो, सुटतो, त्यात रक्त खेळतं. वर धरून ठेवलेल्या हाताचा खांदा मात्र आवळलेलाच राहतो, त्याला रक्त कमी पोचतं, आणि तासातासानं तो लाकडासारखा होत जातो. हे मला पुढं समजलं. त्या दिवशी एवढंच कळत होतं की हात माझा राहिला नाही.

घरी आठ दिवस बोलले नाही. विरळणी मध्यावर आलेली, माणसं मिळत नव्हती. पण वेणीनं बिंग फोडलं. हात डोक्यामागं जाईना म्हणून मी केस नुसते बांधून ठेवायला लागले. मुलगी कॉलेजातून दोन दिवसांसाठी आलेली, तिनं पहिल्या सकाळीच विचारलं, "आई, वेणी का नाही घातलीस?" मी काही बोलायच्या आत तिनं कंगवा घेतला, मला खाली बसवलं आणि वेणी घालायला लागली. तेव्हा माझे डोळे भरून आले. दुखण्यानं नव्हे. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपली वेणी दुसऱ्यानं घालावी लागते, ह्याचं वाईट वाटलं.

मग उपाय सुरू झाले. मलम झालं, शेक झाला. लचक, उसण काढणारे एकजण आहेत त्यांच्याकडे नेलं. त्यांनी अंगठ्यानं गाठ दाबून दाबून मोडली. दुसऱ्या दिवशी खांदा सुजून आला आणि त्यावर काळानिळा डाग. आधीच ताणलेल्या स्नायूला असं रगडू नये हे आज मी प्रत्येकाला सांगते. गाठ दिसली की ती मोडायची असं आपल्याकडे मानतात. ती गाठ म्हणजे बाहेरून शिरलेली वस्तू नाही, आपलाच आवळलेला स्नायू आहे.

शेवटी सांगलीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, एक्स-रे काढला, रक्तातली साखर तपासली. साखर का, असं मी विचारलं. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडून गच्च बसण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्येही ते बरंच दिसतं, असं त्यांनी सांगितलं. माझी साखर ठीक निघाली, हाडही ठीक. खांद्याभोवतीच्या स्नायूंवर आणि त्यांच्या दोऱ्यांवर ताण आलेला. थोडे दिवस गोळ्या, हात वर करायचा नाही, ठणका बसला की हळूहळू व्यायाम. मी गोळ्या घेतल्या, व्यायामाचं ऐकलं आणि सोडून दिलं. जानेवारीअखेर माल काढायला आला, मी परत मंडपाखाली. मार्च उजाडला तेव्हा रात्री उजव्या कुशीवर वळलं की जाग यायची.

आमचे मामा, म्हणजे सासरे, नव्वदीला टेकलेत. त्यांचं आजोळ कुंडल. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालणारे, त्यांनी संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सुरू केलेले. १९४८ साली संस्थान विलीन झालं, त्याआधीची दोन-तीन वर्षं मामा तिथल्या शाळेत होते. अजूनही त्यांची पाठ ताठ आहे. त्यांनी मला सांगितलं, "पोरी, नमस्कार घाल. खांदा कसा मोकळा होतोय बघ." माझी श्रद्धा बसली. पहिल्या दिवशी बारा घातले, चौथ्या दिवशी चोवीस. पाचव्या दिवशी हात उशीवरनं उचलेना.

यात नमस्कारांचा दोष नाही आणि मामांचा तर नाहीच. नमस्कारात साष्टांग जाताना आणि उठताना सगळा भार तळहातांवर आणि खांद्यांवर येतो. धडधाकट खांद्याला ते औषध आहे, जखमी खांद्याला तो भार आहे. योगासनं दुखण्यावर चालतात हे खरं, पण कुठलं आसन, कधी आणि किती, हे बघणारा माणूस जवळ हवा. फोनवर बघून ते कळत नाही, कारण फोन तुमच्या खांद्याकडे बघत नाही.

तसं माणूस मला तासगावात मिळालं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांनी पुण्यात राहून अय्यंगार पद्धतीचं शिक्षण घेतलेलं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले आणि पुढं आयुष्यभर तिथंच शिकवत राहिले. त्यांच्या पद्धतीत पट्टा, दोर, ठोकळे, खुर्ची, लोड यांचा आधार घेतात. ज्याचं शरीर आसनापर्यंत जात नाही त्याच्यापर्यंत आसन आणायचं, असं बाई त्याचं वर्णन करायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी डॉक्टरांचे कागद मागून वाचले, हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, पकड सुटते का, असं सगळं विचारलं. मुंग्या येत असत्या तर आधी परत डॉक्टरांकडे पाठवलं असतं, म्हणाल्या. मला ते फार बरं वाटलं.

मग म्हणाल्या, "आज काही करायचं नाही. नुसतं पडायचं."

त्यांनी एक वाकळ घेतली, तिची वीतभर रुंद, लांब घडी घातली आणि जमिनीवर ठेवली. कमरेपासून डोक्यापर्यंत पाठीचा कणा त्या घडीवर येईल असं मला उताणं झोपवलं. गुडघ्यांखाली लोड. हात बाजूला, तळवे वर. मग त्या माझ्या डोक्याशी बसल्या आणि डाव्या खांद्याखाली बोटं सरकवली. दोन बोटं गेली. उजव्या खांद्याखाली सरकवली, तर चार बोटं आडवी सहज आत. माझाच हात धरून त्यांनी मला ती फट चाचपायला लावली. मी पूर्ण सैल पडले आहे असं मला वाटत होतं, आणि उजवा खांदा चार बोटं हवेत होता. जमिनीला टेकतच नव्हता. झोपेतही तो काम करत होता.

"दुखतंय मागं," बाई म्हणाल्या, "पण आखडलंय पुढं." छातीच्या वरच्या बाजूचा स्नायू आवळून आखूड झालेला, तो खांद्याला पुढं ओढतोय, मागचे, पाठीच्या फऱ्याजवळचे स्नायू त्या ओढीनं दिवसभर ताणलेले राहतात आणि तेच ठणकतात. मी मात्र तीन महिने मागंच मलम चोळत होते.

पंधरा मिनिटं मी तशी पडून राहिले. त्यांनी एकच सांगितलं, श्वास सोडायला घ्यायच्यापेक्षा जास्त वेळ द्या. चारावर घ्या, सहावर सोडा. दहाव्या मिनिटाला छातीच्या उजव्या बाजूला आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, कसल्याशा दोरीला ढील दिल्यासारखं. उठताना त्यांनी पुन्हा बोटं घालून बघितली. तीन.

पहिले दहा दिवस घरी एवढंच केलं, सकाळ-संध्याकाळ. आमच्या ह्यांना वाटलं बाई पैसे घेऊन झोपायला शिकवतात. मलाही मनातून घाई होती. पण रात्रीची जाग कमी व्हायला लागली, ती या पडण्यानंच.

मग एक एक आसन आलं. मार्जारासन, म्हणजे मांजरासारखं हाता-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली. सुरुवातीला तळव्यांवर भार नको म्हणून कोपरं स्टुलावर टेकून. मग भिंतीला तळवे लावून मागं सरकत जायचं, कंबरेतून वाकून पाठ आडवी होईपर्यंत. यात हात डोक्याच्या रेषेत येतात, पण भार खांद्यावर नसतो, भिंत तो घेते. पहिल्या दिवशी माझे तळवे भिंतीवर छातीच्याही खाली होते. बाईंनी पेन्सिलीनं खूण केली. दर आठवड्याला ती खूण बोट-दोन बोटं वर जायची. आमच्या सोप्याच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत, रंग देताना मी तेवढी जागा सोडायला लावली.

गरुडासनातले नुसते हात, एकात एक गुंतवून कोपरं वर उचलायची, त्यानं दोन्ही फऱ्यांच्या मधली जागा ताणली जाते. तिथं बोट पोचत नाही, मलम पोचत नाही, आणि विरळणीवाल्या प्रत्येक बाईचं तिथंच दुखतं. गोमुखासनातले हात, एक वरून एक खालून पाठीमागं, ते मात्र माझे मिळायचे नावच घेत नव्हते. मध्ये हातभर अंतर. बाईंनी खाटेची जुनी नवार दिली. वरच्या हातात एक टोक, खालच्या हातात दुसरं. ओढाओढ करायची नाही, नवारीवरून बोटं चालवत न्यायची. खुर्चीवर आडवं बसून पाठ पिळायची, ते भरद्वाजासन. शेवटी भिंतीला पाय लावून विपरीत करणी, कारण दिवसभर उभं राहून पोटऱ्याही भरून यायच्या. सर्वांगासन आणि शीर्षासन त्यांनी मला दिलंच नाही. मान आधीच वर्षानुवर्षं मागं टाकलेली, तिच्यावर अंगाचा भार नको.

बाईंच्या शिकवण्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते दुखण्याची नावं वेगळी करणं. आपल्या भाषेत ती आधीच वेगळी आहेत, आपण एकाच "दुखतंय" मध्ये सगळी कोंबतो. ताण म्हणजे आसनात स्नायू खेचल्यासारखा वाटतो तो. तो चालेल, श्वासाबरोबर तो कमी होतो. कळ म्हणजे टोचल्यासारखी सरळ जाणारी. ती आली की तिथंच थांबायचं, मागं यायचं. ठणका म्हणजे आसनानंतर, रात्री, नाडीबरोबर ठसठसणारा. तो आला तर काल जास्त झालं, आज निम्मं. नव्या आसनानंतर दुसऱ्या दिवशी अंग अवघडलं तर घाबरायचं नाही, दोन-तीन दिवसांत ते जातं. मुंग्या, बधिरपणा, हातातलं बळ जाणं, ताप, आणि डाव्या हातात कळ येऊन छाती भरून येणं, यातलं काहीही झालं तर आसन नाही, डॉक्टर. मी एका वहीत रोज एक शब्द लिहायचे. एप्रिलमध्ये पानंच्या पानं "कळ" आहे. मेमध्ये "ताण" यायला लागला.

एकदा त्यांनी मला रिकाम्या हातात कात्री दिली आणि म्हणाल्या, विरळणी करून दाखवा. मी हवेत हात वर करून कात्री चालवली. दहा-बारा वेळा चालवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "श्वास कुठंय?" मी श्वास धरला होता. मणी कापताना बाजूच्या मण्याला टोक लागू नये म्हणून मी दर वेळी श्वास धरते, आणि श्वास धरला की खांदा कानाकडे उचलला जातो. वीस वर्षं मी असंच काम करत आले होते. त्या दिवशी घरी जाताना एसटीत बसून मी हाच विचार करत होते, एका घडाला किती कात्र्या, एका वेलाला किती घड.

वेणी मी स्वतः घातली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. सैल आणि वाकडी, पण मीच घातलेली.

जुलैत पुन्हा घसरले. पाऊस, घरात पाहुणे, आठ-नऊ दिवस काहीच केलं नाही, आणि एका सकाळी खताचं पोतं माणसाची वाट न बघता ओढलं. पंधरा दिवस परत वाकळीवर. बाई रागावल्या नाहीत. पहिल्या पायरीवर परत जायचं, म्हणाल्या, पहिली पायरी काही मोडत नाही. आणि खरंच यावेळी तीन महिने लागले नाहीत.

पण मला खरं लिहायचं आहे ते पुढच्या हंगामाचं. विरळणीला आमच्याकडे बारा-तेरा बायका येतात. त्यांचं काम उक्तं, झाडावर पैसे. थांबलं की पैसे थांबले. त्यांच्यातल्या चौघीजणी हात खाली सोडून झटकत होत्या, ते मला आधीही दिसत होतं, पण आता मला ते आतून कळत होतं. मी त्यांना म्हटलं, अकरा वाजता आणि तीन वाजता दहा-दहा मिनिटं सगळ्यांनी थांबायचं. एक म्हणाली, "थांबून कसं चालंल वहिनी, झाडावर पैसे हायती." म्हटलं, त्या वेळेचे मी देते. हे नाराज झाले. एकराला दोन दिवस वाढतील असं त्यांचं म्हणणं. मी वही ठेवली. तीन बायका कमी असूनही गेल्या वर्षीपेक्षा अडीच एकराला मिळून एकच दिवस जास्त लागला. त्यानंतर ह्यांनी तो विषय काढला नाही.

त्या दहा मिनिटांत काय करायचो? मंडपाच्या खांबाला दोन्ही तळवे लावून मागं सरकणं. गरुडाचे हात. मान मागं नाही, हनुवटी गळ्याकडे. आणि खाली बसून, पाठ खांबाला टेकून, डोळे मिटून दहा श्वास, सोडताना लांब. साडी, स्कार्फ, टोपी काही काढावं लागत नाही. पहिल्या दिवशी हसल्या, तिसऱ्या दिवशी त्याच हाक मारायला लागल्या, "वहिनी, अकरा वाजलं की."

आणि आणखी एक गोष्ट केली, ती आसनाइतकीच कामाला आली. माल काढायचे क्रेट उलटे करून त्यांवर फळ्या टाकल्या, बुटक्या बायकांनी त्यांवर उभं राहून काम करायचं. वीतभर उंची मिळाली की हात तेवढा खाली येतो, मान कमी मागं टाकावी लागते. मोकळ्या मातीत क्रेट डुगडुगतो, म्हणून फळी रुंद हवी आणि दर वेळी पाय ठेवून बघायला हवी. चुकीच्या उंचीवर दिवसभर काम करून रात्री कितीही आसनं केली तरी ती पुरत नाहीत, असं माझं मत झालं आहे.

माझ्या तासगावनं द्राक्षाला तास-ए-गणेशसारखं वाण दिलं, बेदाण्याचा बाजार उभा केला. कुठलं औषध कितव्या दिवशी मारायचं हे इथला शेंबडा पोरगाही सांगतो. चर्चासत्रांना मीही जाते. तिथं काडीवर, घडावर, पानाच्या देठावर तासन्‌तास बोलतात, आणि ते बोलायलाच हवं. कात्री धरणाऱ्या हातावर मात्र मी आजवर कुणाला बोलताना ऐकलं नाही. त्या हाताचं दुखणं कुणाच्या वहीत नसतं. ज्या बाईला रात्री कूस बदलता येत नाही, ती सकाळी आठला परत मंडपाखाली येते आणि काही बोलत नाही. मीही बोलले नव्हते.

परवा बाईंकडे गेले होते. त्यांनी सवयीनं वाकळ अंथरली, मी पडले, त्यांनी बोटं घातली. डावीकडे एक. उजवीकडे दीड. "एवढं राहणार," म्हणाल्या. राहू दे. सोमवारपासून यंदाची विरळणी. गेल्या वर्षीच्या बायकांपैकी दोघींनी निरोप धाडलाय की आमच्यासाठी पण नवार आणून ठेवा. बाजारातून सहा हात नवार आणली, तिचे तीन तुकडे केले, टोकं शिवली आणि धुऊन मागच्या दारी वाळत घातलीत.